चूक त्याची, भांडण दोघींचं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर रिमोट सासूबाईंच्या हातात असतो. पोळ्या लाटता लाटता मीही सगळ्या मालिका ऐकते, अधूनमधून दारात येऊन बघतेही. तेव्हा ही तक्रार नाक मुरडणाऱ्या बाईची नाही.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षं चालली. बायको-मुलाला फसवत होता गुरुनाथ. पण आमच्या हॉलमध्ये शिव्या कोणाला? त्याच्या प्रेयसीला, शनायाला. “आली बघ भवानी!” गुरुनाथाची फजिती झाली की मात्र सगळे हसायचे. नवरा म्हणजे जणू पळवून नेलेली पितळी कळशी, त्याला स्वतःचे पाय नाहीत! शनायाला स्वयंपाक येत नाही, खरेदीचा सोस फार, कपडे तोकडे. म्हणजे ती वाईट, हे प्रेक्षकांना वेगळं सांगावंच लागत नाही. गावंढळ म्हणून हिणवली गेलेली त्याची बायको, नागपूरची राधिका, मसाल्यांचा धंदा उभा करते, ते मलाही आवडलं होतं. पण ते यशही शेवटी नवऱ्याला दाखवण्यासाठीच असल्यासारखं वाटत राहिलं.

‘आई कुठे काय करते’मध्ये वाटलं, आता काही बदलेल. अरुंधतीनं घटस्फोट घेतला, मुलं मोठी झालेली असताना आशुतोषशी लग्न केलं. सासूबाई आधी चिडल्या, मग आशुतोषच्या बाजूच्या झाल्या. आणि लेखकांनी त्याला अपघातात मारून टाकलं. समजूतदार नवरा मालिकेत फार दिवस टिकत नाही. त्याच्या घरात रोज भांडण कुठून आणणार?

‘अग्गंबाई सासूबाई’मधला आईच्या लाडानं बिघडलेला मुलगा, बबड्या, तर घराघरात शब्द म्हणून रुजला. माझा तेवीस वर्षांचा मुलगा जेवून ताट तसंच ठेवून उठला की मी त्याला बबड्या म्हणते. त्यावर नणंदबाई म्हणतात, “वहिनी, तूच लाडावलंस.” शेजारीच आपला पेपर वाचत बसलेल्या त्याच्या वडिलांकडे कोणाची नजर जात नाही. त्यांचंही ताट तिथंच असतं.

मालिकेत दाखवतात म्हणून लोक तसे वागतात, की लोक तसे म्हणून मालिकेत दाखवतात, या वादात मी पडत नाही. गेल्या वर्षी ओळखीतल्या एकीचा नवरा दुसरीकडे राहायला गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तासभर ‘त्या दुसरी’चा उद्धार झाला, मग “हिनंच लक्ष द्यायला हवं होतं” असंही निघालं. त्याचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. दिवाळीत तो मुलांना भेटायला आला, तेव्हा तिघांनी त्याला फराळाला बोलावलं. त्यात एक घर आमचंही होतं, हे कबूल करते.

संपादक महोदय, आपल्या मनोरंजनाच्या पानावर टीआरपीचा तक्ता येतो, ‘पुढच्या भागात काय घडणार’ हेही येतं. नाटक-सिनेमाचं जसं परीक्षण छापता, तसं मालिकांचंही दर पंधरवड्याला छापा. नायिकेनं किती सोसलं हे आम्हाला पाठ आहे. तिच्या नवऱ्याला त्या पंधरा दिवसांत कोणी एक तरी सरळ प्रश्न विचारला का, एवढं लिहा. सासूबाईंना ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं. मालिका संपल्यावर, अर्थात.

आपली,
एक नियमित वाचक, कराड