वनमंत्री महोदय, एकदा रात्री आमच्या उसात दारं धरायला या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

पुणे जिल्ह्यात कुकडीच्या कालव्याखाली माझी अडीच एकर जमीन, पैकी दोन एकर ऊस. गेल्या मंगळवारी पहाटे बिबट्यानं गोठ्यातली चौदा महिन्यांची कालवड ओढून नेली. सकाळी खुंट्याला नुसता दाव्याचा तुकडा होता. पंचनामा होईपर्यंत उसाच्या कडेला पडलेली कालवड हलवू नका, असा निरोप आला. दुपारी तीनपर्यंत कुत्री हाकलत मी तिथंच बसून राहिलो. साहेब आले, फोटो काढले, म्हणाले, "परवा पिंजरा लावतो." आज नववा दिवस. पिंजरा आलाच तर आत बांधायची शेळी म्हणे तुमची तुम्ही बघा. कालवड आमची, शेळीही आमचीच. मग सरकारचं काय, कुलूप?

आता खरं दुखणं. या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. म्हणजे रात्री बाराला उसाला पाणी द्यायला मी वाकून दारं मोडणार, पोरगा बॅटरी धरून मोबाइलवर मोठ्यानं भजन लावणार. वाकलेला माणूस बिबट्याला जनावरच वाटतो, हे तुमचेच लोक शाळेत येऊन सांगून गेले. चावडीवर तुमचा फलक आहे, रात्री शेतात एकटे जाऊ नका. शेजारीच विजेचं वेळापत्रक, रात्रीच जा. सरकार मात्र दोन्हीकडं एकच! दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी 2017 पासून ऐकतोय. आमच्या डीपीपर्यंत ती यायचीय.

शिरूरकडं पिंपरखेडला 2025 मध्ये बायाबापड्यांनी बिबट्याच्या भीतीनं खिळ्यांचे पट्टे गळ्यात घातले. पूर्वी ते धनगराच्या कुत्र्याला असत. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला की 25 लाख जाहीर होतात. आई म्हणते, आपण जिवंतपणी एवढे कधी भरलो नाही.

तिकडे जुन्नर 2018 ला पर्यटन तालुका झाला, आता तिथंच आंबेगव्हाणला बिबट सफारी करायचं ठरलंय. आमच्याकडं फुकट आहे, पाठवा पाहुणे.

बिबट्यावर माझा राग नाही. तो उसातच जन्मला, त्यानं डोंगर पाहिलाय कुठं? धरणं बांधली तुम्ही, पाण्यामागं ऊस आला, उसामागं हा. ऊसतोड्यांची पोरं फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत झोपतात, त्यांचा विचार कुठल्या खात्यात होतो? कारखान्याला टन हवेत, वीजवाल्यांना रात्रीचा भार, तुम्हाला कागदावर पिंजरे. मत मागायला मात्र सगळे दिवसाच येतात.

पिंजरा पाठवा. शेळी माझी घ्या, पण तिचे पैसे कधी मिळणार ते लेखी द्या. आणि आपण स्वतः येणार असाल तर याच आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात आमची पाळी दिवसाची आहे, मग काही दिसायचं नाही.

आपला,
कालव्याखालचा एक शेतकरी