स्कोनची रेसिपी छापताना वजनं आणि कारणंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्कोनची, म्हणजे ब्रिटिश लोक चहाबरोबर जॅम आणि क्रीम लावून खातात त्या छोट्या मऊ पावासारख्या पदार्थाची, पाककृती आलीये ती वाचली आणि राहवलं नाही म्हणून लगेच लिहायला बसले. फोटो सुंदर आहे, पण कृतीत पीठ दहा मिनिटं छान मळून घ्या असं सांगितलंय आणि साहित्यात बेकिंग पावडर किंवा खायचा सोडा एक चमचा असं लिहिलंय. ह्या दोन गोष्टी कोणी जशाच्या तशा केल्या तर स्कोन मऊ होणं शक्यच नाही, आणि पहिल्यांदा करणारी व्यक्ती शेवटी म्हणणार की बेकिंग काही आपलं काम नाही. वर्तमानपत्रात छापलेलं लोक खरं मानतात हो, म्हणून एवढा जीव तुटतो.

आधी मळण्याचं बोलते, कारण खरी गोम तिथेच आहे. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रोटीन्स असतात, पाणी किंवा दूध लागलं की ती एकमेकांना धरतात आणि ग्लुटेन तयार होतं, आणि जितकं मळाल तितकं ते चिवट होत जातं. पावाला ते हवंच असतं कारण यीस्ट तासन् तास हळूहळू गॅस सोडत असतं आणि तो धरून ठेवायला तशी ताकदवान जाळी लागते. स्कोन मात्र ओव्हनमध्ये जेमतेम १२ ते १५ मिनिटं असतो, तेवढ्या वेळात त्याला फुलायचंय, चिवट पीठ त्याला वर येऊच देत नाही. म्हणून दूध घातल्यावर सुरीने किंवा उलथन्याने भरभर एकत्र करायचं, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, ओट्यावर घेऊन फार तर दोनतीनदा घडी घालायची आणि हाताने थापून साधारण अडीच सेंटीमीटर जाड ठेवायचं, लाटणं लागतच नाही. गोळा गुळगुळीत दिसत नाही म्हणून जीव कासावीस होतो खरा, पण तो खडबडीतच हवा. आणि हाताला थोडा चिकटणाराच हवा, कारण ओलसर पिठाचे स्कोन हलके होतात. चिकटतंय म्हणून वरून मैदा भुरभुरत राहिलं की संपलं.

बटर थंडगार, फ्रीजमधून काढलेलं. त्याचे छोटे तुकडे करून मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळहात लावायचा नाही कारण तो गरम असतो आणि बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीलाच वितळतं. बटर मैद्याच्या कणांवर बसलं की दूध त्यांच्यापर्यंत कमी पोचतं आणि ग्लुटेनही कमी होतं, शिवाय बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं त्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि तीही थोडं उचलते. वितळवून ओतलं तर ह्यातलं बरंचसं हातचं जातं. तुमच्या कृतीत पातळ केलेलं बटर आहे, तेही कृपया बघा.

आता सोडा आणि पावडर. खायचा सोडा म्हणजे नुसता अल्कली, त्याला दही, आंबट दूध, लिंबाचा रस असं काहीतरी आम्ल मिळालं तरच तो नीट काम करतो, आणि बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. सोडा पावडरपेक्षा तीनचार पट जोरदार असतो. साध्या दुधाच्या स्कोनमध्ये पावडरऐवजी चमचाभर सोडा पडला तर साबणासारखी चव येते आणि रंगही पिवळट तपकिरी होतो, मग कितीही जॅम लावा ती चव जात नाही. त्यामुळे ह्या दोघांच्या मध्ये 'किंवा' हा शब्द लिहूच नका, प्लीज.

मला वाटतं ह्या घोळाचं मूळ अजून एका ठिकाणी आहे. ब्रिटिश रेसिपीत बहुतेक वेळा सेल्फ रेझिंग फ्लार असतं, म्हणजे पावडर आधीच घातलेला मैदा. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, त्याच्या दोनच वर्षं आधी १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून बेकिंग पावडर बनवली होती, इतकी ती सवय तिकडे जुनी आहे. आपल्याकडे रेसिपी येताना त्याचं नुसतं मैदा होतं आणि पावडर मधल्या मध्ये गळून पडते. मग स्कोन बसका होतो, आणि पुढच्या वेळी लोक घाबरून नको तेवढा सोडा टाकतात.

वाचकांच्या उपयोगी पडावं म्हणून प्रमाण देते. २२५ ग्रॅम मैदा, अडीच टीस्पून सपाट बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ, २५ ग्रॅम साखर, ५५ ग्रॅम बटर आणि १५० मिली दूध, त्यातलं चमचाभर मागे ठेवायचं आणि लागलं तरच घालायचं. हे ग्रॅममध्येच सांगतेय कारण मैद्याचा कप चमच्याने हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि डब्यात दाबून काढला तर १५० पर्यंतही जातो, एवढ्या फरकाने स्कोन कोरडा पडतो. पावडर जुनी असेल तर आधी चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली नाही तर ती वापरू नका.

कापताना कटर मैद्यात बुडवून सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर काढायचा, पिळायचा नाही, पिळला की कडा दबून बंद होते आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दूध किंवा अंडं लावताना ते कडेवरून ओघळू द्यायचं नाही, कारण तेच. ट्रेमध्ये एकमेकांच्या जवळ ठेवले की कडेला पसरण्यापेक्षा वर जातात.

ओव्हन २२० डिग्री, फॅनवाला असेल तर २००, आणि तो खरंच तापलेला हवा. छापलेल्या कृतीत १६० आहे. एवढ्या कमी उष्णतेत बटर आधी वितळून वाहतं, गॅस हळूहळू निघून जातो आणि स्कोन फुलायच्या आधी वाळतो. छोट्या ओव्हनमध्ये डायलवरचा आकडा आणि आतलं तापमान ह्यात बराच फरक असू शकतो, आतला थर्मामीटर घेऊन ठेवणं फार उपयोगाचं. बाहेर काढल्यावर मऊ साल हवी असेल तर गरम असतानाच स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा. आणि त्याच दिवशी खा, उरणार असतील तर गार झाल्यावर लगेच फ्रीझरमध्ये टाका.

ज्यांना बटर चोळायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातली पद्धत आहे, सेल्फ रेझिंग फ्लार, क्रीम आणि फसफसणारं बाटलीतलं गोड लेमोनेड, बास. त्यातही हात कमीच लावायचा. बाकी इंग्लंडमधले डेव्हनवाले आधी क्रीम लावतात आणि कॉर्नवॉलवाले आधी जॅम, त्यावर त्यांचं भांडण चालू राहू दे, मऊ स्कोनवर दोन्ही छान लागतं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, तीही कोपऱ्यात एका ओळीत नको, कृतीच्याच जागी. आणि यापुढे बेकिंगच्या प्रत्येक रेसिपीत ग्रॅममध्ये वजन, ओव्हनचं तापमान फॅनसह आणि फॅनशिवाय, आणि प्रत्येक पायरी का करायची ते एका वाक्यात द्या. जागा कमी पडली तर फोटो थोडा लहान करा, चालेल.

आपली,
एक नियमित वाचक