तक्रार: गेम १०० टक्के पूर्ण होऊच शकत नाही, आणि मागे जायचं बटण सेव्ह (साठवलेली प्रगती) पुसतं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या रेसिंग गेमची निन्टेन्डो स्विच कन्सोलवरची जी युरोपीय आवृत्ती तुम्ही भारतात विकता, त्याबद्दल हे पत्र आहे. जपानी आवृत्तीत ४८ ट्रॅक आहेत, युरोपीय आवृत्तीत ४४. चार ट्रॅक कमी केलेत, पण टक्केवारी काढताना भागाकार अजून ४८ नेच होतो. सगळे ४४ जिंकले की आकडा ९१ वर अडकतो. शेवटची गाडी मात्र १०० टक्क्यांनाच खुलते, आणि तीच गाडी तुम्ही डब्याच्या पाठीवर छापली आहे.

ते चार ट्रॅक पुरते काढलेलेही नाहीत. साउंड टेस्टमध्ये (गेममधलं संगीत ऐकायच्या मेनूत) ३१ ते ३४ क्रमांक लावून बघा, त्यांचं संगीत वाजतं. टाइम ट्रायलच्या (घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या) यादीत तळाला चार ओळी दिसतात आणि नावाच्या जागी रिकामे चौकोन येतात, कारण नावं जपानीत राहिली आणि फॉन्टमधून जपानी अक्षरं काढली गेली. कन्सोलची भाषा जपानी केली तरी गेम इंग्रजीतच उघडतो. स्विचची कार्ट्रिज (गेमची छोटी कार्डं) कुठल्याही देशाच्या कन्सोलवर चालतात, निन्टेन्डोच्याच जुन्या ३डीएससारखं रिजन लॉक (प्रदेशाचं बंधन) नाही. पण डीएलसी (गेमला नंतर जोडायचा जादा भाग) मात्र गेमच्याच रिजनचं लागतं. म्हणजे जपानी स्टोअरमधून काही घेऊनही उपयोग नाही. दुरुस्ती तुमच्याच अपडेटने होणार.

दुसरी चूक जास्त घातक आहे. मूळ गेम प्लेस्टेशनचा. त्या काळी जपानमध्ये होकाराला उजवीकडचं गोल बटण असे, बाहेरच्या देशांत खालची फुली. स्विचवर उजवीकडे ए आणि खाली बी. त्यामुळे जपानी आवृत्ती बरोबर चालते. युरोपीय आवृत्तीत सेव्ह पुसण्याच्या पडद्यावर बाहेरच्या देशांची जुनीच मांडणी राहून गेली आहे: पडद्यावर लिहिलंय ‘पुसण्यासाठी ए’, आणि प्रत्यक्षात पुसतं बी. मागे जायला म्हणून बी दाबणाऱ्याची सगळी प्रगती जाते. बाकी सगळ्या मेनूंत बी म्हणजे मागे, फक्त इथेच नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं. तुमच्या प्रतिनिधीने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, कार्ट्रिज कोरड्या कापडाने पुसलं का?” गेम उघडतो, चालतो, ४४ ट्रॅक जिंकता येतात, पुसून काय होणार? मी पुन्हा सांगितलं, भागाकार ४८ ने होतोय. त्यावर पिनकोड विचारला. ५९०००६ म्हटल्यावर उत्तर आलं, “तुमचा पिन कर्नाटकात येतो, कन्सोल बंगळूरच्या केंद्रात आणून द्या.” बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटर. कोल्हापूर शंभर-सव्वाशेवर आहे, तिथलं केंद्र चालेल का विचारलं तर “ते महाराष्ट्रात आहे सर, सिस्टिम घेत नाही.” आणि बंगळूरला तरी काय करणार? कन्सोल बिघडलेलाच नाही! तुमच्या प्रोग्राममधला एक आकडा चुकलाय, तो कुठल्याही केंद्रातल्या टेबलावर बदलता येत नाही. शेवटी “तुमची तक्रार सोडवली आहे” असा मेसेज आला. काय सोडवलंत?

मला पुढील गोष्टी हव्यात. टक्केवारी ४४ वर मोजा, किंवा चारही ट्रॅक खुले करा. संगीत आत आहेच. सेव्ह पुसण्याच्या पडद्यावर ए आणि बी जागेवर आणा. तोवर डब्यावरची ती गाडी झाकणारा स्टिकर लावा. न मिळणारी वस्तू दाखवून विकणं ही फसवणूक आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो, त्यामुळे यावेळी बेळगावला तुम्हाला यावं लागेल. या मालिकेचे जुने गेम मी जपून ठेवलेत. तुमच्याकडून इतकं निष्काळजी काम येईल असं वाटलं नव्हतं.

सोबत: बिलाची प्रत, डब्याच्या पाठीचा फोटो, ९१ टक्क्यांचा पडदा आणि बी दाबल्यावर सेव्ह पुसली जातानाचा व्हिडिओ.

एक ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव