सुध्या, माराला जाण्याआधी

प्रिय सुध्या,

इतके महिने पत्राला उत्तर नाही, तेव्हा शिव्या घालून मोकळा हो. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. पण बाप्या म्हणाला, तू ऑगस्टमध्ये केनियाच्या मसाई मारा अभयारण्यात फोटो काढायला निघालायस, सोबत ६०० एमएमची लांब लेन्स आणि गाडीत सहाजण. मग मात्र गप्प बसवेना.

काळजी एकच. चित्ता दिसला की तू ड्रायव्हरला ‘अजून पुढे घे’ म्हणणार. ताडोबात यावरूनच आपलं वाजलं होतं आणि मी अजून माघार घेतलेली नाही.

गणित बघ. उघड्या छतातून कॅमेरा जमिनीपासून साधारण अडीच मीटर वर. चित्ता १० मीटरवर असेल तर लेन्स त्याच्या पायांकडे १४ अंश खाली झुकते; मागे नुसतं गवत. ५० मीटरवर तीन अंशही नाही, मागचं लांबचं माळरान विरघळून जातं आणि चित्ता उठून दिसतो. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६००च्या लेन्समधून दिसणारी चौकट तिथे तीन मीटर रुंद, चित्ता शेपटीसकट दोनच्या आसपास. अजून काय पाहिजे? १० मीटरवर ती चौकट उरते ६० सेंटिमीटर. पासपोर्टसाठी फोटो हवा असेल तर गोष्ट वेगळी.

लांबून काढायचं तर वेळ मात्र सांभाळायला हवी. नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि फोटोत प्राण्याच्या अंगावरचे केस पुसट होतात. तेव्हा लेन्सला दोष देत बसशील. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) काढून ठेव, बॉनेटवरून नेम धरू नकोस, इंजिनची गरम हवा तिथूनच वर येते. सहाला गेट उघडताच आत जा.

चित्ता सिंह-तरसांना टाळून बहुतेक दिवसाच शिकार करतो, म्हणजे नेमकी आपल्याच वेळेत. गाड्यांचा घोळका पडला की सावज बिथरतं, पिल्लं आईपासून तुटतात. २०१८ साली आलेल्या माराच्या अभ्यासात पर्यटकांच्या गर्दीच्या भागात एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली, कमी गर्दीच्या भागात २.३. नियम आहे २५ मीटर अंतराचा आणि एका प्राण्यापाशी पाच गाड्यांचा. ड्रायव्हर तो मोडतो टिपच्या आशेने, आणि टिप तुझ्या खिशात. पहिल्याच सकाळी त्याला सांग, जवळ नेलंस म्हणून जास्त पैसे मिळणार नाहीत.

चित्त्याची वारुळावर बसून टेहळणी चालू असेल तर शटर स्पीड १/५०० सेकंद पुरे. डोकं खाली, चाल सावकाश, नजर एकाच गॅझेलवर (छोट्या हरणासारख्या प्राण्यावर), की लगेच १/३२०० आणि ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो). इंजिन बंद. सहाजणांत एकाने कूस बदलली तरी गाडी हलते, हे बाप्याला विशेष करून सांग.

प्राइम (झूम न होणारी, तुझ्या ६००सारखी लेन्स) की झूम हे भांडण तूच जिंकलास असं समज. पण हत्ती गाडीला खेटला तर त्या प्राइमने काय त्याच्या पापण्या मोजणार? दुसऱ्या कॅमेरा बॉडीवर १००-४००ची झूम लेन्स लावूनच ठेव, त्या धुळीत लेन्स बदलायची नाही. लेन्स टेकवायची बीन बॅग रिकामी ने, नैरोबीत दोन-तीन किलो तांदूळ भर. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातलं धरून सामान १५ किलोच, तेही मऊ बॅगेत. तांदूळ मग कॅम्पवरच माग.

ईशाच्या अ‍ॅडमिशनचं कळलं, पेढे राहिलेत. वहिनींचा हात आता कसा आहे? नवीन घराचं परत केव्हातरी सविस्तर लिही.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान १० दिवस घे. कार्ड नसेल तर परतल्यावर मुंबईत विमानतळावरूनच विलगीकरणात धाडतील, आणि तिथे डबा घेऊन मी येणार नाही.

तुझा,
दिग्या