चाहत्यांचा ‘पोरकट हट्ट’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला चित्रपट-मालिकांच्या चाहत्यांवरचा लेख वाचला. (तुमची रविवारची पुरवणी गुहागरला सोमवारी उगवते. वितरण विभागाला कधी सवड झाली तर बघा.) सगळं मोबाइलवर मिळत असताना डिस्क जपून ठेवणं हा ‘चाळिशीतल्या पुरुषांचा पोरकट हट्ट’ आहे, असं लेखकमहाशयांचं मत. चाळिशी मान्य.

पण ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय हो? लेखात ‘स्टार वॉर्स’चं चित्र छापलंय, तर त्याचंच घेऊ. १९७७ साली थिएटरात लागलेला चित्रपट आणि आज अ‍ॅपवर दिसतो तो, हे एक नव्हेत. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी १९९७ साली त्यात नवी दृश्यं घुसडली, नायकांपैकी एक असलेल्या हान सोलोच्या आधी त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला गोळी झाडायला लावली. २००४च्या डीव्हीडीत परत फेरफार. २०१९ला तो स्ट्रीमिंगवर आला, तेव्हा त्याच ग्रीडोच्या तोंडी आणखी एक शब्द कोंबला! मूळ रूप डीव्हीडीवर आलं ते २००६ला, जादा डिस्क म्हणून, तेही जुन्या लेझरडिस्कसाठीच्या प्रतीवरून. चित्र धुरकट आहे, पण गोळी आधी कोणी झाडली ते स्पष्ट दिसतं. अडगळीत टाकायला सांगता, ती ही डिस्क.

गेल्या गणपतीत मुंबईहून भाचेमंडळी आली होती. जागरणाला एका मालिकेचे सगळे भाग ओळीने बघायचे ठरले. अ‍ॅपची वर्षाची वर्गणी अर्थात मामाने भरलेली. दोन भाग झाले आणि तिसरा गायब! आठवड्यापूर्वी होता. आता म्हणे दुसऱ्या अ‍ॅपवर गेला. भाच्यांसमोर माघार कशी घ्यायची, म्हणून तिथलेही पैसे भरले. पैसे कापले गेल्याचा मेसेज आला आणि पाठोपाठ रेंज गेली. आमच्याकडे भाद्रपदात पाऊस पडतो, हे बहुधा त्यांना कोणी कळवलेलं नसावं. शेवटी माळ्यावरची डिस्कची ट्रंक खाली काढली. तिसऱ्या भागावर थोडी बुरशी चढली होती (कोकणची हवा, दोष कुणाला द्यायचा), ती पंचाने पुसली आणि पुढचे सगळे भाग इन्व्हर्टरवर पहाटेपर्यंत चालले. दुपारपर्यंत माझ्या ट्रंकेला ‘म्युझियम’ म्हणणारा भाचाच डिस्क बदलायला उठत होता.

नंतर हेल्पलाइनला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही चित्रपट नाही, अ‍ॅक्सेस घेतलाय.” अहो, हापूसची बाग खंडाने घेतली तरी हंगामाच्या मध्यात मालक येऊन कलम उपटून नेत नाही! मोझर बेअरची डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायची तेव्हा ती ३४ रुपयांत कायमची आपली व्हायची. कंपनी बुडाली, डिस्क अजून चालतात.

चालत होत्या म्हणतो, कारण शिमग्यापासून प्लेअरची लेन्स गेली आहे. चिपळूणपर्यंत विचारून आलो, जो तो ‘आता कोण वापरतं?’ म्हणून हसतो. तुमच्या हट्टी वाचकांपैकी कुणाला रत्नागिरी जिल्ह्यात लेन्स बदलून देणारा कारागीर ठाऊक असेल, तर याच सदरात कळवावं. लेखकमहाशयांना ठाऊक असण्याची शक्यता कमी.

— एक वाचक, गुहागर