माननीय क्रीडामंत्री, नेमबाजी शिकायला जायचं कुठे?

माननीय क्रीडामंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी स्वतः नेमबाज नाही. माझी मुलगी नेमबाजी शिकते, आणि तिच्यासाठी एक धड रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा, शोधण्यात माझे पाच महिने गेले. पदक जिंकून आलेल्या खेळाडूंचा आपण सत्कार करता, त्यांना बक्षिसं जाहीर करता. ते व्हायलाच हवं. पण ज्यांच्या हातात अजून रायफलच आलेली नाही, ज्यांना रेंजचं दारही माहीत नाही, त्यांच्याविषयी आपल्याशी बोलायचं आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ मिळवलं, मग सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक प्रकारात दुसरं. पाठोपाठ स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. माझी तेरा वर्षांची मुलगी टीव्हीसमोरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरता विंचरता तिने विचारलं, "आई, हे शिकवतात कुठे?" पोहायचं असतं, कबड्डी खेळायची असती, तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. इथे मी म्हटलं, "बघते." ते बघणं पाच महिने चाललं.

पहिल्या पत्त्यावर कुलूप होतं. शेजारच्या माणसाने सांगितलं की इथे कोणी आल्याला बरीच वर्षं झाली. दुसऱ्या ठिकाणी फोन लागला आणि पहिलाच प्रश्न आला, "तुम्हाला पाठवलं कोणी?" प्रवेश हवा तर दोन जुन्या सदस्यांच्या शिफारशी लागतील म्हणाले. हत्यारांचा खेळ आहे, येणाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या घरात आजवर कोणी नेमबाज झालेलाच नाही, त्या घराने दोन सदस्य आणायचे कुठून? ओळखपत्र मागा, पालकांची लेखी संमती मागा, पोलिसांकडची पडताळणी लागत असेल तर तीही करा. ओळख मागू नका. चौकशी करणं वेगळं आणि वशिला मागणं वेगळं. तिसऱ्या ठिकाणी फक्त स्पर्धेत उतरलेल्यांनाच घेत होते.

चौथ्या ठिकाणी मात्र लगेच प्रवेश मिळत होता. नाव कोणाचंच घेत नाही, कारण मला तक्रार करायची नाही, जे पाहिलं ते आपल्यापर्यंत पोहोचवायचं आहे. लांबट हॉल, आठ लेन (एकेका नेमबाजासाठी आखलेले पट्टे), पुरेसा उजेड. दोन मुलं सराव करत होती. प्रशिक्षक कोपऱ्यात फोनवर बोलत होते. एक मुलगा कागदी टार्गेट बदलायला सरळ पुढे चालत गेला. त्याच वेळी शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या हातात रायफल होती, बोल्ट (छर्रा भरायला मागे ओढायची खटकी) बंद होता, नळी आडवी झाली होती आणि बोट ट्रिगरवर होतं. कोणी "थांबा" म्हटलं नाही. नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी, नव्हता. काउंटरवर शिशाच्या छर्र्यांची डबी उघडी होती आणि तिला खेटूनच कोणाचा तरी खाऊचा डबा. मी मुलीचा हात धरला आणि बाहेर पडले. तिला वाटलं, मी घाबरले. खरोखरच घाबरले होते.

जाणाऱ्या माणसाला आधी काहीच कळत नाही, माननीय महोदय, माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. सेफ्टी फ्लॅग म्हणजे काय, हे मला त्या दिवशी माहीतही नव्हतं. काहीतरी चुकतंय एवढंच आतून वाटलं. मी घरी येऊन वाचायला बसले, आणि मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. कोणी लेनच्या पुढे जाणार असेल तर आधी सगळ्या रायफली रिकाम्या करून, बोल्ट उघडून, फ्लॅग घालून खाली ठेवायच्या आणि त्यांना कोणीही हात लावायचा नाही, हा जगभरचा नियम आहे. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते, त्यावर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनंतर तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. शिसं हाताला लागतं, हातातून तोंडात जातं, म्हणून रेंजवर काही खायचं नाही आणि निघताना हात धुवायचेच. जमिनीवरची शिशाची धूळ कोरड्या झाडूने उडवायची नाही. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं फार घातक. हे मला शोधून शोधून कळलं. ज्या आईला शोधायला वेळ नाही, तिने तिथे मुलाचं नाव घालून टाकलं असतं आणि तिला दोषही देता आला नसता.

पाचवी रेंज एका ओळखीच्या बाईंच्या भाच्याकडून कळली. योगायोगानेच म्हणायचं.

तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी मुलीच्या हातात रायफल दिलीच नाही. एक तास नुसतं बोलले. नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेनेच, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, "स्टॉप" म्हटलं की दुसऱ्या कशाचाही विचार न करता थांबायचं, मग तो शब्द सरांनी उच्चारलेला असो की सगळ्यात लहान मुलाने. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळीतून आरपार जाणारी केशरी दोरी, दाखवली. ती दोन्ही टोकांना दिसते, म्हणजे रायफल रिकामी आहे हे लांबूनही कळतं. शेवटी म्हणाले, "हात पुढे लांब कर, दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट ठेव आणि भिंतीवरचं घड्याळ त्या फटीतून बघ. आता एकेक डोळा मीट." उजवा डोळा मिटला तर घड्याळ जागच्या जागी राहिलं, डावा मिटला तर फटीतून गायब झालं. माझी मुलगी उजव्या हाताने लिहिते, जेवते, चेंडू फेकते, पण तिचा नेमाचा डोळा डावा निघाला. तेरा वर्षांत आम्हाला पत्ता नव्हता.

या तपासणीला दोन मिनिटं लागली असतील. ती झाली नसती तर मुलगी उजव्या खांद्याला रायफल लावून वर्षभर झगडत बसली असती आणि शेवटी "मला जमत नाही" म्हणून घरी बसली असती. सरांनी पंधरा दिवस दोन्ही प्रकारे करून पाहायला लावलं: एकदा उजवा खांदा आणि डाव्या डोळ्यासमोर छोटी पट्टी, एकदा सरळ डावा खांदा. तिला डावा मानवला. क्लबकडे डावखुऱ्यांसाठी दस्ता बदलता येणारी एक रायफल होती. एकच होती, पण होती. रायफल, जॅकेट, हातमोजा, काहीही आधी विकत घेऊ नका, सहा महिने क्लबचं वापरा, हे सरांनीच सांगितलं. विकणाऱ्याने मला नेमकं उलटं सांगितलं होतं.

आता ती शनिवारी जाते. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, शिसपेन्सिलीने कागदावर हलकेच टेकवलेलं टोक जेवढं उमटेल तेवढा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्यापेक्षा नऊपट रुंद. नीट लागला तर ठिपका दिसेनासाच होतो. स्पर्धेत ७५ मिनिटांत असे ६० छर्रे मारायचे. गुण दशांशात मोजतात, एका छर्र्याला जास्तीत जास्त १०.९, म्हणून एकूण ६५४. माझी मुलगी सध्या कागद हुकत नाही, एवढ्यावर खूश आहे. मी तिचा श्वास बघते. अर्धा सोडते, थांबवते, आणि नेम हलतोय असं वाटलं तर छर्रा न मारता रायफल खाली घेते. न मारता खाली घेणं हेच सगळ्यात अवघड, असं सर म्हणतात. ती घरी हल्ली भांडतानाही मध्येच थांबते. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, मला सांगता येणार नाही, पण थांबते हे खरं.

आपल्याकडे माझी पहिली मागणी एका जाहीर यादीची आहे. प्रत्येक रेंजचं नाव, पत्ता, उघडण्याचे दिवस आणि चालू असलेला फोन. तिथे १० मीटर आहे, २५ आहे की ५०. फक्त हवेच्या रायफली आहेत की पॉइंट बावीसही, म्हणजे खऱ्या गोळीच्या लहान रायफली. नवशिक्याला शिफारशीशिवाय घेतात का, किती वयापासून, क्लबची रायफल वापरायला मिळते का, डावखुऱ्यांची सोय आहे का. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: रेंजची शेवटची तपासणी कधी झाली आणि सराव चालू असताना प्रशिक्षित रेंज ऑफिसर, म्हणजे सुरक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस, हजर असतो की नाही. तपासणीची तारीख नसेल तर तो रकाना कोराच छापा. कोरा रकाना बघून आईबाप काय ते समजतील.

यादीत व्हीलचेअर आत जाते का हेही असावं. पॅरालिंपिकमध्ये नेमबाजी १९७६ पासून आहे, अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं, आणि मी पाहिलेल्या पाच ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी रॅम्प होता.

ही यादी फक्त मुलांसाठी नको. आमच्या रेंजवर एक निवृत्त काका येतात, साठी ओलांडल्यावर सुरुवात केली त्यांनी. आधी दोन क्लबनी त्यांना वयावरून परत पाठवलं होतं. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं रौप्यपदक मिळवलं तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. ज्या खेळात हे घडू शकतं, तिथे साठीच्या माणसाला दारातूनच परत का पाठवायचं?

रेंजचे पत्ते जाहीर केले तर सुरक्षेचा प्रश्न येईल, असं आपल्याला सांगितलं जाईल. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. हत्यारं कुठे ठेवतात, कुलपं कोणती, किल्ल्या कोणाकडे, यातलं काहीच छापू नये. पण ज्या इमारतीवर क्लबची पाटीच लागलेली आहे, तिचा पत्ता लपवून काय साधणार? दुसरं म्हणतील, याने मुलांना बंदुकीचं वेड लागेल. त्यांना मी आमच्या गच्चीवरची गोष्ट सांगते. पलीकडच्या इमारतीत दोन मुलं एअरगन घेऊन रिकाम्या बाटल्या फोडायची. मागे आडोसा नाही, डोळ्यांवर चष्मा नाही, खाली लोकांची ये-जा. घरच्यांना ते खेळणं वाटत होतं. स्पर्धेच्या एअर रायफलमधून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो, आणि डोळा जायला त्याहून कितीतरी कमी वेग पुरतो. त्या मुलांना हौस होती, जागा नव्हती. जागा माहीत नसली म्हणून हौस जात नाही, ती गच्चीवर जाते.

दुसरी मागणी अशी की सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक रेंजने महिन्यातून एक दिवस नव्या माणसांसाठी ठेवावा. एक छर्राही मारायला दिला नाही तरी चालेल. नियम सांगा, केशरी दोरी दाखवा, डोळा तपासा. आणि शाळांच्या बंद पडलेल्या हॉलांकडे बघा. १० मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही. एका लेनला एक मीटर रुंदी पुरते, टार्गेट जमिनीपासून १.४ मीटरवर, मागे छर्रा अडवणारा मजबूत आडोसा, हवा खेळती, आणि फायरिंग लाइनच्या (जिथे उभं राहून नेम धरतात त्या रेघेच्या) पुढच्या बाजूला उघडं राहील असं दार किंवा खिडकी एकही नको. मात्र शिकवायला माणूस तयार नसेल तर हॉल उघडू नका. आधी माणसं तयार करा. चौथ्या ठिकाणी लेन होत्या, उजेड होता, रायफलीही होत्या. फक्त लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं.

माझ्या मुलीच्या वर्गातल्या तीन मुलींच्या आयांनी गेल्या महिन्यात मला विचारलं, आमच्या मुलींना कुठे घालू? मी सरांना विचारलं. त्यांच्याकडे दहा लेन आहेत, सगळ्या भरलेल्या, आणि एका वेळी दहाहून जास्त मुलांवर आपली नजर राहणार नाही म्हणून ते अकरावं मूल घेत नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतलं नसतं. त्या तिघींना अजून मी उत्तर दिलेलं नाही. ती यादी कधी निघेल, तेवढं कळवावं, म्हणजे त्यांना काहीतरी सांगता येईल.

आपली नम्र,
एका नवशिक्या नेमबाज मुलीची आई