केशवराव भोसले नाट्यगृहाच्या तारखा आणि भाडे आजच ठरवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभे करायचे शासनाने मनावर घेतले, त्यासाठी निधी जाहीर केला, याबद्दल आम्हा रंगकर्मींच्या वतीने मनापासून आभार. मात्र काम पूर्ण झाल्यावर तिथे कुणाला, किती भाड्यात आणि कोणत्या वारी नाटक करता येईल, हे काम चालू असतानाच ठरवून घ्या. एवढे सांगण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. फीत कापून झाल्यावर हा विषय काढला तर दरपत्रक भिंतीवर लागलेले असते आणि मग ते कुणीच काढत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. जेमतेम आठवडाभर आधी आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले होते आणि अख्खा जिल्हा आनंदात होता. त्याच जिल्ह्यातली माणसे त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर उभी राहून रडत होती. छप्पर कोसळले, आतले लाकूडकाम गेले, समोरचा दगडी दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. मागे लागून असलेल्या खासबाग कुस्ती मैदानाच्या व्यासपीठालाही आगीने सोडले नाही.

या दोन वास्तू वेगळ्या धरू नका, ही माझी पहिली विनंती. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोममधले जुने आखाडे पाहून आले आणि तशी जागा आपल्या मल्लांना असावी म्हणून त्यांनी खासबागेचे काम हाती घेतले. १९१२ मध्ये मैदान खुले झाले. पाठोपाठ १९१३ ते १९१५ या काळात शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. एकीकडे कुस्तीचा लाल मातीचा हौदा, तर दुसरीकडे संगीत नाटकाचा रंगमंच. दोन्हीकडे सर्वांत मागे बसणाऱ्या माणसाचा विचार केलेला. खासबागेत बैठक चहूबाजूंनी हौद्याकडे उतरत जाते, त्यामुळे कुठेही बसा, डाव दिसतोच. नाट्यगृहात प्रेक्षकाच्या नजरेआड येणारा खांब नव्हता आणि मायक्रोफोन नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा असे ते बांधलेले होते. कमी पैशांच्या तिकिटावर आलेल्या माणसालाही पूर्ण खेळ मिळाला पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वी दगडा-लाकडातच ठरवून टाकले होते. आता ते नियमांत आले पाहिजे.

कारण सांगतो. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. आमच्या संस्थेत बँकेतला कर्मचारी आहे, शाळेतल्या बाई आहेत, शिरोलीच्या एमआयडीसीत पाळी करून थेट तालमीला येणारा मुलगा आहे. प्रयोगाच्या दिवशी सकाळी टेम्पोतून नेपथ्य येते. लेव्हल म्हणजे मंचावरचे उंचवटे, फ्लॅट म्हणजे उभ्या खोट्या भिंती, दाराच्या चौकटी आम्हीच खांद्यावरून आत घेतो. शिडीवर एक जण चढतो, खाली दोघे शिडी धरतात, आणि एकेक दिवा अडकवून तो नटाच्या उभे राहण्याच्या जागेवर लावला जातो. यात दुपार जाते. मग निदान एक तांत्रिक तालीम हवी, कारण मंचावर उभे राहिल्याशिवाय कुठला प्रवेश अंधारात जातोय ते कळत नाही. रात्री प्रयोग संपला की तासाभरात सगळे उतरवून मंच मोकळा करून द्यायचा. म्हणजे दोन-अडीच तासांच्या नाटकाला अख्खा दिवस लागतो. भाडे मात्र सत्राप्रमाणे मोजतात. सकाळच्या सत्राचे वेगळे, दुपारचे वेगळे, वातानुकूलन लावले तर त्याचे निराळे, शिवाय अनामत रक्कम. हौशी संस्था मग काय करते? तांत्रिक तालीम सोडून देते. आणि प्रेक्षक म्हणतात, हौशी नाटकात सफाई नसते.

साहेब, नाट्यगृह महापालिकेचे आहे हे मला माहीत आहे. दर ठरवणे तुमच्या खात्याचे काम नाही. पण निधी शासनाचा आहे, आणि निधी देताना अट घालणे तुमच्या हातात आहे. अट अशी घाला की स्थानिक हौशी संस्थांना पूर्ण दिवसाचे एकच सवलतीचे भाडे असेल आणि त्यात तांत्रिक तालमीचा वेळ धरलेला असेल. दर महिन्याला काही तारखा, त्यातही शनिवार-रविवारच्या, नाटक आणि गाण्यासाठी राखीव असतील. लग्न, सत्कार, मेळावे, कंपन्यांचे कार्यक्रम यांना या तारखा मिळणार नाहीत. राखीव तारीख आयत्या वेळी कुणाच्या सभेसाठी काढून घेतली जाणार नाही. एका सभागृहात आमची तारीख प्रयोगाच्या तोंडावर रद्द झाली होती. तिकिटे विकलेली, पाहुणे कलाकार निघालेले. पैसे परत मिळाले, पण त्या नाटकाची मोट पुन्हा बांधता आली नाही.

हौशी राज्य नाट्य स्पर्धा तुमच्याच खात्याची. १९५४ पासून ती चालू आहे आणि मराठी रंगभूमीवरचे कितीतरी नट, लेखक, दिग्दर्शक तिच्यातून पुढे आले. कोल्हापूर केंद्रावरची नाटके लोक तिकीट काढून पाहतात, निकालाच्या दिवशी तावातावाने भांडतात. आगीनंतर संस्थांनी पर्यायी जागा शोधल्या. शाहू स्मारक भवन व्याख्यानाला, प्रदर्शनाला, चित्रपट महोत्सवाला उत्तम आहे. तिथे नाटक करताना मात्र नेपथ्य कापून लहान करावे लागते आणि दिवे मिळेल तिथे टांगावे लागतात. मंचाअभावी मोठे नाटक लिहायचेच नाही, अशी सवय नव्या लेखकांना लागू लागली आहे, आणि याची मला इमारतीच्या राखेपेक्षा जास्त धास्ती वाटते.

गाण्याचेही तसेच. १८८३ पासून गायन समाज देवल क्लब चालवणारे, उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारात मान देणारे हे शहर. नव्या सभागृहाचा ताबा घेण्याआधी एखाद्या गवयाला ध्वनिवर्धकाशिवाय मंचावर बसवा, तंबोरा लावू द्या, आणि अभियंत्यांनी शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. स्वर तिथे पोचत नसेल तर काम पुरे झाले नाही. मोठे स्पीकर लावून ही उणीव झाकता येते, म्हणूनच ती आधी तपासायला हवी.

आता खासबागेकडे या. मैदान भरते तेव्हा हलगी कडाडू लागली की मंगळवार पेठेतली पोरे धावत सुटतात. आजोबा नातवाला घेऊन येतात आणि कुठला पैलवान पट काढेल, कुठला घिस्सा मारेल ते आधीच सांगून ठेवतात. पण असे मैदान वर्षातून किती वेळा भरते? इकडे शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ या संघांच्या नावांवर शहर वाटले जाते. फुटबॉलची गर्दी टिकली, कारण हंगाम ठरलेला आहे, तिकीट परवडते आणि आज कुणाची लढत आहे हे पानपट्टीवरही माहीत असते. नाटक, गाणे आणि कुस्तीलाही हेच द्या. केशवराव भोसले, खासबाग, देवल क्लब, शाहू स्मारक आणि शाहू स्टेडियम यांचे महिन्याचे एकत्र वेळापत्रक तयार करा आणि ते केएमटीच्या शहर बसथांब्यांवर, एसटी स्थानकावर, कॉलेजांच्या फलकांवर लावा. नाट्यगृह सुटण्याच्या वेळेला पेठांबाहेर, उपनगरांत जाणारी एखादी बस ठेवा. रात्री बारा वाजता रिक्षाला पैसे मोजावे लागतात म्हणून आमच्याच संस्थेतल्या मुलींचे पालक त्यांना दुसऱ्या अंकानंतर घेऊन जायला येतात. बाईमाणसाने नाटक शेवटपर्यंत पाहावे, मैदानात येऊन कुस्ती पाहावी असे वाटत असेल तर बस, उजेड आणि स्वच्छ स्वच्छतागृह यांची सोय हवी. ती नाट्यगृहात करताना खासबागेतही करा, आवार एकच आहे.

आगीबद्दल एकच मागतो. वायरिंग आणि अग्निशमन यंत्रणेची तपासणी दरवर्षी करा आणि तिचा दाखला तिकीट खिडकीशेजारी तारखेसह लावा, म्हणजे प्रेक्षकालाही तो वाचता येईल. जळण्याआधी काही वर्षांपूर्वीच या नाट्यगृहाचे नूतनीकरण झाले होते. त्यामुळे नवी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत, यावर आता आमचा विश्वास बसत नाही.

उद्घाटनाला मुंबई-पुण्याची मोठी नाटके आणा, आम्ही तिकीट काढून बघू. फक्त पहिल्या आठवड्यातल्या तीन तारखा कोल्हापूर जिल्ह्यातल्या हौशी संस्थांसाठी राखून ठेवा, आणि चौथ्या दिवशी मागच्या बाजूला खासबागेत मैदान भरवा. नाटकांचे अर्ज आम्ही करतो, भाडेही भरतो. अर्ज कुठे आणि कधीपर्यंत द्यायचे, तेवढे कळवा.

आपला नम्र,
कोल्हापुरातील एक हौशी रंगकर्मी